घेणाऱ्याची तागडी

नीतिसूत्रांच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, बाजारातील एका माणसाचे चित्र आहे. तो वस्तू विकत घेण्यास उभा आहे. वस्तू हाती घेऊन तो नाक मुरडतो, ती कशी टाकाऊ आहे हे पुन्हा पुन्हा सांगतो, भाव पाडतो. आणि एकदा सौदा झाला की घरच्या वाटेवर आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. पवित्र शास्त्राने त्याला शिक्षा सांगितलेली नाही, त्याचे नावही घेतलेले नाही. केवळ त्याच्यापुढे आरसा धरला आहे.

प्रिय वाचकहो, हा मनुष्य घेणारा आहे, विकणारा नाही, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. खोटी तागडी, हलकी वजने आणि दुधातले पाणी यांविषयी आपण उपदेशांतून पुष्कळ ऐकले आहे, आणि त्या उपदेशांचा रोख बहुधा दुकानदाराकडे असतो. गिऱ्हाईक म्हणजे फसवले जाणारे, अशी आपली समजूत. परंतु लेवीय २५:१४ मध्ये देवाने इस्राएल लोकांना जी आज्ञा दिली ती विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनाही आहे. शेजाऱ्याशी व्यवहार करताना कोणीही दुसऱ्यावर अन्याय करू नये, असे ती सांगते. म्हणजे घेणाऱ्याच्या हातीही एक तागडी असते. या तागडीचा विचार आज करण्याचे कारण असे की, एका व्यवसायाची वाट आता आपल्यापैकी कोणालाही मोकळी झाली आहे.

जुन्या वस्तू स्वस्तात शोधून काढायच्या, घासूनपुसून त्यांचे फोटो काढायचे, आणि मोबाइलवरून त्या दूरच्या गिऱ्हाइकाला नफ्याने विकायच्या, हा तो व्यवसाय. जुन्या वस्तूंचा बाजार आपल्याला नवा नाही. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार प्रसिद्धच आहेत. पण पूर्वी यासाठी गाळा लागे, भांडवल लागे, शहरातल्या शौकिनांशी ओळख लागे. आता हातातला फोन हेच दुकान झाले आहे, आणि कॉलेजात जाणारा मुलगा किंवा निवृत्त झालेला शिक्षकही घरबसल्या व्यापारी होऊ शकतो.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगिजांच्या हाती गेले, म्हणून त्यांना नव्या काबिजादीत गणतात. येथील जुन्या घरांत दोन्ही राहणींच्या खुणा सापडतात. कोनाड्यात पितळी समई, माळ्यावर तांब्याचे हंडे आणि घंगाळ, ओसरीवर शिसवी खुर्ची, आणि पेटीच्या तळाशी पोर्तुगीज अमदानीतील रुपिया किंवा १९५८ पासून निघालेली एस्कुदोची नाणी. एका रुपियाचे सहा एस्कुदो या हिशेबाने तेव्हा चलन बदलले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि तेही चलन थोड्याच दिवसांत गेले. ज्या पैशाने एकेकाळी घरात तांदूळ येत होता तो पेटीत पडून राहिला. आज नाणी जमवणारा हौशी मनुष्य त्याच नाण्यासाठी पैसे मोजायला तयार असतो.

दुसरीकडे, मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर हॉटेले उभी राहिली. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. जुनी घरे पाडून नवी बांधली जातात तेव्हा माळ्यावरचा माल खाली येतो. ज्याला घरच्या सुना अडगळ म्हणतात त्याला शहरातले लोक जुन्या काळची शोभा म्हणतात. या दोघांच्या मध्ये जो उभा राहतो त्याचा धंदा चालतो.

आता असे समजा की, पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर एका वृद्ध आजीच्या घरी असा एक तरुण जातो. कोपऱ्यात काळी पडलेली समई आहे. तो म्हणतो, "आजी, ही कशाला ठेवली आहे? काळी ठिक्कर पडली आहे, बूडही डुगडुगते. मोडीच्या भावाने देता का?" आजी म्हणते, "ने बाबा, तेवढीच अडगळ कमी." तो तिला पितळेच्या वजनाचे आठशे रुपये देतो. पंधरा दिवसांत तीच समई बंगळूरच्या एका गिऱ्हाइकाला सहा हजारांना जाते. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. येथे चोरी झाली काय? नाही. खोटी नोट दिली काय? नाही. आजीची तक्रार आहे काय? तीही नाही. मग ख्रिस्ती विवेकाने येथे थांबून विचार का करावा?

प्रथम त्या तरुणाच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगू. नफा हे पाप नाही. तो उन्हातून गावोगाव फिरला, दहा घरी रिकाम्या हाताने परतला, अकराव्या घरी त्याला समई मिळाली. त्याने ती चिंचेने घासली, बूड नीट केले, फोटो काढले, पार्सल बांधले. वस्तू विकली न गेली तर पैसे अडकले असते. शिवाय, तो आला नसता तर ती समई भंगारवाल्याकडे जाऊन वितळली असती. एका कारागिराच्या हाताचे काम त्याने वाचवले. कोणती समई साधी आणि कोणती जुन्या घडणीची हे ओळखण्याची पारख त्याने कष्टाने मिळवली आहे. पारख हीही मजुरीच आहे. वैद्य नाडी पाहण्याचे पैसे घेतो, ते त्याच्या ज्ञानाचे असतात.

जॉन वेस्ली यांनी १७६० साली प्रसिद्ध केलेल्या पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात तीन नियम दिले आहेत. मिळवता येईल तेवढे मिळवा, राखता येईल तेवढे राखा, देता येईल तेवढे द्या, असा त्यांचा आशय आहे. पहिला नियम ऐकून पुष्कळांना आनंद होतो. परंतु वेस्लींनी त्या पहिल्या नियमालाच कुंपण घातले आहे हे आपण विसरतो. स्वतःच्या जिवाला व मनाला, तसेच शेजाऱ्याच्या मालमत्तेला, शरीराला आणि आत्म्याला अपाय करून काहीही मिळवू नये, असे ते सांगतात. तेव्हा नफा योग्य की अयोग्य, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तो कोणाच्या पदरातून आला हे पाहावे लागते.

आठशे आणि सहा हजार यांच्यामध्ये पाच हजार दोनशे रुपयांचे अंतर आहे. हे पैसे आले कोठून? वस्तूची किंमत तिच्या पितळात नसते, ती मागणाऱ्याच्या मनात असते, असे व्यापारी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. १९९५ साली अमेरिकेत पियेर ओमिड्यार यांनी इंटरनेटवरील लिलावाचे जे संकेतस्थळ सुरू केले, ते पुढे ईबे या नावाने जगभर पोहोचले. त्यावर अगदी प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडलेला लेसर पॉइंटर. तो चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटांना गेला. घेणाऱ्याला तो मोडका आहे हे ठाऊक होते. तो मोडकेच लेसर पॉइंटर जमवत होता! म्हणजे योग्य माणूस भेटला की कचऱ्यालाही मोल येते. त्या योग्य माणसापर्यंत वस्तू पोहोचवणे हे तरुणाचे खरे काम आहे, आणि त्या कामाचे दाम त्याला मिळालेच पाहिजे.

पण त्या अंतराचा सगळाच भाग या कामाचा नाही. त्यातला एक भाग असा आहे की, तो केवळ आजीला ठाऊक नसल्यामुळे तरुणाच्या खिशात गेला. आणि आणखी एक भाग असा की, समई काळी आहे, डुगडुगते, असे सांगून तिचे मन आधीच खाली पाडल्यामुळे गेला. त्याला काळेपणा हा दोष वाटत नव्हता. जुनेपणाची ती खूण पाहूनच तो थांबला होता. जे पाहून त्याचे मन हरखले तेच त्याने आजीला दोष म्हणून सांगितले. नीतिसूत्रांतील माणूस तो हाच. त्याच्या तोंडचे शब्द कदाचित अक्षरशः खरे असतील, समई काळी होतीच. पण खऱ्या शब्दांनी त्याने खोटी गोष्ट पटवली.

न सांगणे म्हणजे फसवणे काय, हा प्रश्न फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक उदाहरण आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी आलेक्सांद्रियाहून धान्याचे गलबत घेऊन तेथे पोहोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे, पण लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? दिओगेनेस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो की, मालातील दोष सांगितले की व्यापाऱ्याचे कर्तव्य संपले. सगळे सांगत बसणे हे त्याचे काम नाही. त्याचा शिष्य आंतिपात्रोस म्हणतो की, तसे नाही. ज्या गोष्टीवर समोरच्याचे हित अवलंबून आहे ती त्याला कळू दिली पाहिजे, कारण माणसे एकमेकांसाठी निर्माण झाली आहेत. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवावे अशी इच्छा असली की ते लपवणेच होय, असे तो मानतो.

त्याच भागात सिसेरो एका घेणाऱ्याची गोष्ट सांगतो. क्विंतुस स्केवोला याला एक जमीन घ्यायची होती. त्याने मालकाला एकच ठरलेली किंमत सांगायला लावली. किंमत ऐकून तो म्हणाला की, माझ्या मते जमिनीचे मोल याहून अधिक आहे. आणि त्याने एक लाख नाणी वर दिली. सिसेरो म्हणतो की, हे सज्जनाचे काम आहे हे सगळे कबूल करतात, पण शहाण्याचे काम आहे असे मात्र कोणी म्हणत नाही. सज्जन वेगळा आणि शहाणा वेगळा, ही फूट सिसेरोला मान्य नव्हती. प्रभूच्या लोकांना तर ती मुळीच मान्य होता कामा नये.

संत ऑगस्टीन यांनीही त्रैक्याविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागात असाच प्रसंग नोंदला आहे. एका नटाने लोकांच्या मनातले ओळखण्याची पैज लावली आणि सांगितले की, तुम्हा सर्वांना स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे असे वाटते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ऑगस्टीन म्हणतात की, सगळेच तसे नसतात. त्यांच्या माहितीच्या एका माणसाकडे कोणी एक हस्तलिखित ग्रंथ विकायला आणला. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने फार थोडे पैसे मागितले. घेणाऱ्याने काही न बोलता, त्याच्या कल्पनेपलीकडची, पण न्याय्य अशी पूर्ण किंमत दिली.

हे उदाहरण आपल्या मंडळ्यांच्या फार जवळचे आहे. आपल्या कितीतरी घरांत वडील-आजोबांच्या पेटीत जुने मराठी ख्रिस्ती वाङ्मय पडून आहे. पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले पवित्र शास्त्र, बाबा पदमनजींच्या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या, गेल्या शतकातील गीतांची पुस्तके. संग्राहकांना आणि अभ्यासकांना यांची गरज असते. पाळकाची विधवा पत्नी घर आवरताना ही पुस्तके रद्दीत काढते, आणि मंडळीतलाच एखादा जाणकार ती किलोच्या भावाने उचलतो. तेथे बाजारातला नियम चालेल, की प्रभूच्या मेजावर एकत्र बसणाऱ्यांचा? प्रेषित पौल १ थेस्सलनीकाकरांस ४:६ मध्ये बजावतो की, कोणीही आपल्या बंधूची फसवणूक करून त्याच्यावर वरचढ होऊ नये, कारण अशा गोष्टींचा न्याय प्रभू स्वतः करतो.

येथे संडे-स्कूलच्या शिक्षकांना मुले हमखास एक प्रश्न विचारतील. मत्तय १३:४४ मधील माणसाचे काय? त्याला दुसऱ्याच्या शेतात ठेव सापडली, त्याने ती पुन्हा लपवली, आणि मालकाला काही न सांगता शेत विकत घेतले. प्रभूने तर त्याचे उदाहरण स्वर्गाच्या राज्यासाठी दिले! हा प्रश्न टाळू नये. पहिली गोष्ट अशी की, दृष्टांतात प्रभू ज्या मुद्द्याकडे बोट दाखवतो तेवढाच घ्यायचा असतो. लूक १६ मध्ये त्याने अन्यायी कारभाऱ्याचे उदाहरण घेतले, आणि मत्तय २४:४३ मध्ये आपल्या येण्याची तुलना रात्रीच्या चोराशी केली. म्हणून लबाडी आणि चोरी शिकण्यासारखी ठरत नाही. ठेवीच्या दृष्टांतात मुद्दा आहे तो आनंदाचा, आणि त्या आनंदापायी सर्वस्व विकून टाकण्याचा. दुसरी गोष्ट, सापडलेल्या ठेवीचा प्रश्न लोकांनी कायद्यानेही सोडवला आहे. आपल्या देशात १८७८ साली झालेल्या कायद्याप्रमाणे, जमिनीत पुरलेले दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे धन सापडले तर ते कलेक्टरला कळवावे लागते, आणि दुसरा कोणी हक्कदार न निघाल्यास सापडणाऱ्याबरोबर जमीनमालकालाही त्यात वाटा मिळतो.

वर्गात याच्या जोडीला यहुदी परंपरेतील एक गोष्ट सांगावी. शिमोन बेन शेटाख हा प्रभूच्या जन्माआधीच्या शतकातील एक गुरू. त्याच्या शिष्यांनी त्याच्यासाठी एका परक्या माणसाकडून गाढव विकत घेतले. गाढवाच्या गळ्याशी एक मोती अडकलेला निघाला. शिष्य आनंदून म्हणाले की, गुरुजी, आता आपल्याला कष्ट करायला नकोत. गुरूने एवढेच विचारले की, मालकाला हे ठाऊक होते काय? नव्हते. तेव्हा त्याने मोती परत पाठवला, आणि त्या परक्या माणसाने शिमोनाच्या देवाची स्तुती केली. मुलांना मग विचारावे की, दुकानदाराने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर तुम्ही काय कराल? आणि रद्दीतल्या पुस्तकात नोट सापडली तर? मुले उत्तर बरोबर देतात. अडखळतो तो आपण मोठी माणसे.

अज्ञानाप्रमाणेच दुसरी एक गोष्ट घेणाऱ्याची तागडी झुकवते, ती म्हणजे गरज. डिचोली हा खाणींचा तालुका. खाणीवर, ट्रकवर, बार्जवर तेथील पुष्कळ घरांची चूल पेटत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कर्जावर घेतलेला ट्रक दारात उभा, हप्ता मात्र चालू, अशी वेळ अनेकांवर आली. अशा घरातला मनुष्य जेव्हा वडिलोपार्जित घंगाळ विकायला काढतो तेव्हा त्याला त्याचे मोल ठाऊक असूनही तो कमी पैशाला देतो, कारण त्याला आज पैसे हवेत. घेणाऱ्याला हे कळते. घासाघीस न करता गप्प बसून राहिले तरी भाव आपोआप उतरतो, हेही त्याला कळते.

भुकेल्या एसावाकडून याकोबाने वाटीभर डाळीच्या कालवणावर ज्येष्ठत्वाचा हक्क विकत घेतला. सौदा दोघांच्या राजीखुशीने झाला, शपथही घेतली गेली. तरी तो वाचताना आपल्याला याकोबाची लाज वाटते. उलट अनुवाद २४ मध्ये देव म्हणतो की, शेजाऱ्याला उसने दिले तर गहाण घेण्यासाठी त्याच्या घरात शिरू नका, बाहेर उभे राहा. आणि तो गरीब असला तर त्याचे गहाण पडलेले पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत करा. देवाला घेणेकऱ्याचा हक्क मान्य आहे, पण गरजवंताच्या दाराचा उंबरठाही त्याला पवित्र आहे. जुन्या वस्तू शोधणाऱ्याने तर हा उंबरठा विशेष जपला पाहिजे. त्याची नजर घरातल्या कोनाड्यांवर आणि माळ्यांवर फिरत असते.

आणखी एक प्रश्न घेणाऱ्याने विचारावयाचा असतो. देणारा जे देत आहे ते त्याचे एकट्याचे आहे काय? गोव्यात वारसाहक्काचे नियम पोर्तुगीज अमदानीतून आलेले आहेत. पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक धरतात, आणि मुलांचा निम्म्या मालमत्तेवरील हक्क मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. मुंबईला किंवा परदेशी राहणाऱ्या भावाबहिणींना न विचारता घरात राहणाऱ्या एकाने शिसवी कपाट विकले, तर घेणारा त्या भांडणात भागीदार होतो. देवस्थानाची समई किंवा प्रार्थनामंदिराचे प्रभुभोजनाचे पात्र कोणी आणून दाखवले, तर धर्म आपला असो वा परका, दूर राहावे. कायद्याचीही एक मर्यादा आहे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा १९७६ मध्ये अंमलात आला. त्याप्रमाणे ऐतिहासिक वा कलात्मक मोलाची, शंभर वर्षे वा त्याहून जुनी नाणी, मूर्ती आणि कलाकृती पुरावस्तू ठरतात; हस्तलिखितांना ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १८८१ सालचा पोर्तुगीज रुपिया परदेशी गिऱ्हाइकाला पार्सलने पाठवणारा मुलगा केवळ नाणे विकत नाही, तो कायदा मोडतो.

मग या व्यवसायात ख्रिस्ती माणसाने करावे काय? मला वाटते की, त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा. जो फोटो, जे वर्णन आणि जी किंमत मी उद्या मोबाइलवर टाकणार आहे, ती आज या आजीपुढे धरून दाखवू शकेन काय? ती पाहून तिने मान हलवून बरे म्हटले, तर सौदा सरळ आहे. ती पाहू नये असे मला वाटत असेल, तर मी काहीतरी तिच्या पदरातले घेत आहे.

हे करून दाखवणे अवघड नाही. समई सहा हजारांना जाईल असा अंदाज आहे. संकेतस्थळाचे कमिशन सहाशे, बांधणी आणि कुरिअर पाचशे, दुरुस्ती चारशे, असे दीड हजार गेले. उरले साडेचार हजार. तरुणाने आजीला सांगावे, "आजी, ही जुन्या घडणीची समई आहे. शहरात हिला पैसे मिळतील, पण कधी मिळतील सांगता येत नाही. मी तुम्हाला आज अडीच हजार देतो. बाकीचे माझ्या कष्टाचे." दोन हजार त्याला उरतात, आणि ते तो कोणाच्याही समोर मोजू शकतो. किंवा आज थोडे पैसे द्यावेत आणि विक्री झाल्यावर ठरलेला वाटा आणून द्यावा. आणि आजी म्हणाली की, एवढी मोलाची असेल तर नातीसाठी ठेवते, तर तसेही म्हणू द्यावे. तिच्या हातून समई सुटावी म्हणून ती तिच्यापासून लपवणे, हेच तर टाळायचे आहे.

सगळ्या सौद्यांना मात्र एकच माप लावता येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात व्यापारी स्वतः किंमत सांगून बसलेला असतो. भाव जाणून घेणे हा त्याचा धंदा आहे, आणि तो कधी जिंकतो, कधी हरतो. तेथे आपली पारख वापरण्यात अन्याय नाही. तरीही वस्तूला नावे ठेवून भाव पाडणे तेथेही शोभत नाही. प्राचीन यहुदी शिक्षकांनी मिश्नामध्ये असा नियम घातला होता की, वाजवी किमतीपेक्षा एकषष्ठांशाचा फरक पडला तर तो अन्याय समजावा, आणि हा नियम घेणारा व विकणारा दोघांनाही लागू केला. विकत घ्यायचे मनात नसताना दुकानदाराला भाव विचारून त्याची आशाही वाढवू नये, इथपर्यंत त्यांची दृष्टी बारीक होती. आपण त्या आकड्याने बांधलेलो नाही, पण त्या बारीक दृष्टीची आपल्याला गरज आहे.

कोणी म्हणेल की, असे वागलो तर दुसरा व्यापारी आठशेला घेऊन जाईल आणि आपण हात चोळत बसू. हे खरे असू शकेल. काही सौदे हातचे जातील, आणि वर्षाअखेर नफा कमी दिसेल. सचोटीने नेहमी भरभराटच होते, असे आश्वासन शास्त्र देत नाही, आणि तरुणांना आपणही देऊ नये. पण ज्याने खरे मोल सांगितले त्याचे नाव वाड्यावर घरोघर जाते. जुन्या वस्तूंच्या धंद्यात लोक ज्याच्यासाठी आपली पेटी उघडतात तोच टिकतो. आणि समजा नाव झाले नाही, तरी दाविदाचे उदाहरण आपल्यापुढे आहे. २ शमुवेल २४ मध्ये अरवना त्याला खळे आणि बैल फुकट देऊ करतो, तेव्हा दावीद ते मोल देऊनच घेतो. ज्याला काही पडले नाही असे अर्पण देवापुढे नेण्यास तो तयार नाही. दशमांशाच्या पाकिटात घातलेल्या पैशाविषयीही हा प्रश्न विचारता येईल. तो आपल्या कष्टाचा आहे, की कोणा आजीच्या अज्ञानाचा?

मंडळीनेही येथे काही हातभार लावावा. आपल्यामध्ये जे जाणकार आहेत त्यांनी वृद्ध सभासदांच्या घरी जाऊन जुन्या वस्तू आणि पुस्तके पाहून द्यावीत, खरी किंमत सांगावी, आणि विकायचेच असेल तर दोन ठिकाणी विचारून मग विकावे असा सल्ला द्यावा. तरुण संघाने वर्षातून एक शनिवार या कामाला दिला तरी पुष्कळ होईल. ज्यांच्यापाशी पारख आहे त्यांना ती देवाने दिली आहे, आणि इतर देणग्यांप्रमाणे तीही शेजाऱ्याच्या उपयोगी पडावी यासाठीच दिली आहे.

जक्कयाच्या घरी प्रभू गेला तेव्हा त्याने जक्कयाला हिशेब विचारला नाही. तो हिशेब जक्कयाने स्वतः उठून मांडला, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करण्याचे कबूल केले. प्रभू घरात आला की माणसाला आपल्या घेण्याचा हिशेब सुचतो. आपल्या वस्तूंच्या आणि आपल्या शब्दांच्या बाबतीत तो आपल्यालाही सुचावा, अशी प्रार्थना करू या.